पिकअपला कॅनोपी (मागच्या हौद्यावरचं झाकण), विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र), स्टील बंपर लावले तर पेलोड, म्हणजे गाडीत घेता येणारं वजन, कमी होतो का?

होतो की, सरळ वजाबाकी आहे. कंपनीने दिलेलं ग्रॉस वजन (गाडी आणि तिच्यावरचा सगळा भार मिळून कमाल मर्यादा) बदलत नाही, म्हणजे १५० किलोच्या ॲक्सेसरीज लावल्या की तेवढाच माल कमी घ्यायचा, आणि ड्रायव्हर-पॅसेंजर, ट्रेलर असेल तर त्याचा हुकवर येणारा भार, हे पण त्यातच मोजतात, लोक नेमकं हेच विसरतात. विंच तर पुढच्या ॲक्सलच्याही पुढे लटकतं त्यामुळे पुढच्या ॲक्सलवर त्याच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त लोड येतो न मागचा थोडा हलका होतो. जाड पाटे टाकले म्हणजे लिमिट वाढलं असं नाही हां, गाडी फक्त भाराने खाली दबत नाही, ब्रेक, ॲक्सल, चेसिस तेच राहतात. सगळं फिट करून, टाकी फुल करून एकदा वजनकाट्यावर घ्या, पुढचा-मागचा ॲक्सल वेगवेगळा.