तलवारबाजीतील गुण: दिव्याआधी हक्क समजून घ्या
नवख्या खेळाडूंचे लक्ष स्पर्श झाल्यावर गुणयंत्रावर लागणाऱ्या दिव्यांकडे असते, परंतु फॉइल आणि सेबर या प्रकारांत दोन्ही दिवे लागले तरी गुण एकालाच मिळतो, आणि तो कोणाला हे आक्रमणाचा हक्क कोणाकडे होता यावरून पंच ठरवतात. ज्याने हात पुढे नेत आधी आक्रमण सुरू केले त्याचा हक्क. प्रतिस्पर्ध्याने ते पाते अडवून परतवले की हक्क त्याच्याकडे जातो. म्हणून सुरुवातीचे काही महिने इतरांच्या लढती पाहताना पंचांच्या हाताच्या खुणा मनापासून वाचा; माझ्या मते याहून चांगली शिकवणी नाही.

फॉइलमध्ये केवळ धडावरचा, टोकाने केलेला स्पर्श ग्राह्य असतो व अन्यत्र लागल्यास पांढरा दिवा लागतो. सेबरमध्ये कमरेवरचा भाग, डोके आणि हातही चालतात, शिवाय पात्याच्या धारेनेही गुण मिळतो. एपी या तिसऱ्या प्रकारात मात्र हक्काचा प्रश्नच नाही: संपूर्ण शरीर लक्ष्य असते आणि जवळजवळ एकाच क्षणी झालेल्या स्पर्शांचा गुण दोघांनाही मिळतो, त्यामुळे आघाडीवर असलेल्याला असे दुहेरी स्पर्श फायद्याचे ठरतात.

गटातील लढत 5 गुणांची, तर बाद फेरीतील वैयक्तिक लढत 15 गुणांची असते.