वाचकांचे प्रश्न : विश्वस्तपदाचे निमंत्रण आणि घरातला व्यवसाय

प्रश्न : मी राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झाले असून तरुणपणी हौशी रंगभूमीवर काम केले आहे. पुण्यातील एक संस्था नाट्यगृहांचे भाडे, तारखांचे वाटप, तालमीच्या जागा आणि ज्येष्ठ कलावंतांचे मानधन हे विषय महापालिकेकडे आणि शासनाकडे मांडते. स्वतः मात्र कार्यक्रम करत नाही. त्या संस्थेने मला विश्वस्त मंडळावर बोलावले आहे आणि कोषाध्यक्षपद घ्यावे, अशीही त्यांची इच्छा आहे. माझा मुलगा ध्वनियंत्रणा आणि प्रकाशसामग्री भाड्याने देतो. संस्थेकडून तो कधीही काम घेणार नाही, मग अडचण कसली, असे मला वाटते. यजमानांच्या मते हा बिनपगारी ताप आहे. होकार द्यावा का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : होकार द्यावा, असे आमचे मत आहे, मात्र त्याआधी काही कागद मागून वाचावेत, आणि मुलाच्या व्यवसायाची माहिती होकाराच्या पत्रातच लेखी द्यावी.

महाराष्ट्रात अशा संस्था बहुधा १८६०च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि १९५०च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली, अशा दोन्हींखाली नोंदलेल्या असतात. विश्वस्त बदलले की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल करावा लागतो आणि तो मंजूर झाल्यावर परिशिष्ट एकमध्ये, म्हणजे त्या कार्यालयातील संस्थेच्या अधिकृत नोंदीत, नवी नावे येतात. जुन्या संस्थांचे बदल अर्ज वर्षानुवर्षे प्रलंबित राहतात, त्यामुळे कागदोपत्री विश्वस्त एक आणि कारभार पाहणारे दुसरेच, असे चित्र पुष्कळ ठिकाणी दिसते. अशा संस्थेच्या खात्यावर सही कोणाची चालणार, यावरून होणारे वाद आपण काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिलेच असतील. म्हणून परिशिष्ट एकचा ताजा उतारा, संस्थेची घटना, मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि सभांचे इतिवृत्त मागावे. इतिवृत्त दाखवण्यास टाळाटाळ झाली, तर निमंत्रण विनयपूर्वक परत करावे.

आता मुलाच्या व्यवसायाविषयी. कार्यक्रम करणाऱ्या संस्थेत हितसंबंध बिलात दिसतो, कारण काम कोणाला दिले आणि किती दराने दिले, हे तपासता येते. विश्वस्तांना किंवा त्यांच्या नातेवाइकांना संस्थेच्या पैशातून अवाजवी लाभ मिळाल्यास आयकर सवलत धोक्यात येते, हेही आपल्याला ठाऊक असेल. पण कलावंतांच्या वतीने मागण्या मांडणाऱ्या संस्थेत हितसंबंध मागणीतच दडलेला असू शकतो. महापालिकेने आपल्या नाट्यगृहांत उत्तम ध्वनियंत्रणा कायमची बसवावी, असा ठराव उद्या मंडळापुढे आला, तर भाड्याने यंत्रणा देणाऱ्यांचा धंदा घटेल. बाहेरून आणलेल्या यंत्रणेवर जादा आकार घेऊ नये, असा ठराव आला, तर तो वाढेल. दोन्ही मागण्या कलावंतांच्या हिताच्या असू शकतात, आणि दोन्ही वेळा संस्थेचा एक रुपयाही आपल्या मुलाकडे गेलेला नसेल. तरीही आपण त्या विषयात तटस्थ नसता. त्यामुळे ‘तो काम घेणार नाही’ एवढ्याने आपला प्रश्न सुटत नाही.

यावर उपाय सोपा आहे, पण तो पाळावा लागतो. असा विषय विषयपत्रिकेवर आला की आपला संबंध सांगावा, तांत्रिक माहिती विचारली तर द्यावी, निर्णयाच्या वेळी सभागृहाबाहेर जावे आणि या सर्वाची इतिवृत्तात नोंद करून घ्यावी. हाच नियम इतरांनाही लागू व्हावा, असा आग्रह धरावा. किंबहुना मंडळावर पाऊल ठेवताच करण्याजोगे पहिले काम हेच आहे. व्यावसायिक निर्मात्याला शनिवार-रविवारच्या तारखा हव्या असतात, हौशी संघाला सवलतीचे भाडे हवे असते, नृत्यवर्ग चालवणाऱ्यांना वार्षिक कार्यक्रमासाठी हंगामातली तारीख हवी असते, आणि नाट्यगृहाच्या तारखा तेवढ्याच असतात. मंडळावर यांपैकी एकाच गटाची माणसे असतील, तर ‘पुण्यातील कलावंतांची मागणी’ असे शीर्षक दिलेले निवेदन प्रत्यक्षात एका गटाचे ठरते. १९६८ मध्ये सुरू झालेल्या बालगंधर्व रंगमंदिराच्या पुनर्विकासाची चर्चा निघाली, तेव्हा शहरातील रंगकर्मींमध्ये सरळ मतभेद होते. अशा वेळी सर्वांच्या वतीने बोलणाऱ्या संस्थेने कोणाला विचारले, कोणी विरोध नोंदवला आणि भूमिका कोणत्या सभेत ठरली, हे दाखवता आले पाहिजे. अधिकाऱ्यांच्या टेबलावर निवेदन टिकते ते त्या जोरावर. खाली ज्येष्ठ कलावंतांच्या सह्या कितीही असल्या, तरी पहिला प्रश्न तोच येतो.

कोषाध्यक्षपद मात्र पहिल्या वर्षी घेऊ नये. निवृत्त बँक अधिकारी मिळाला की रोजकीर्द लिहिण्यापासून पावत्या फाडण्यापर्यंत सर्व त्याच्या गळ्यात घालण्याची आपल्याकडे रीतच आहे, आणि मग हिशेबावर प्रश्न विचारायला मंडळात कोणी उरत नाही. कोऱ्या धनादेशावर सही करू नये, हे आपल्याला सांगण्याची गरज नाही. ‘अध्यक्ष परगावी आहेत’ हे कारण इथे बँकेपेक्षा अधिक वेळा ऐकावे लागेल, एवढेच.

विश्वस्ताने वर्षाला किती देणगी द्यावी किंवा स्मरणिकेसाठी किती जाहिराती आणाव्यात, याची अलिखित अपेक्षा असते. ती आधीच स्पष्ट विचारावी. देणगी धनादेशाने द्यावी, कारण दोन हजार रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर आयकरातील वजावट मिळत नाही. पुढे कधी पद सोडलेच, तर राजीनाम्याची पोच घ्यावी आणि त्याचाही बदल अर्ज दाखल झाला का, याचा पाठपुरावा करावा. तोवर धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत आपले नाव विश्वस्त म्हणून तसेच राहते.

यजमानांचे म्हणणे खोटे नाही. काम बिनपगारीच आहे. प्रवासाचा वाजवी खर्च मात्र ठरावानुसार घेता येतो, आणि तो घेण्यात संकोच बाळगू नये.

प्रश्न : आमची संस्था तालमीच्या जागांसाठी प्रयत्न करते. निवडणुकीच्या वेळी एका उमेदवाराने आमची मागणी आपल्या जाहीरनाम्यात घेण्याची तयारी दाखवली होती. मोबदल्यात आमच्या अध्यक्षांनी त्यांच्या व्यासपीठावर बसावे, अशी विनंती होती. असा प्रसंग पुन्हा आला तर काय करावे?
— एक कार्यकारिणी सदस्य, सदाशिव पेठ

उत्तर : मागणी जाहीरनाम्यात जरूर जावी, अध्यक्षांनी व्यासपीठावर जाऊ नये. राजकीय हेतू धर्मादाय हेतूंत बसत नाही, आणि संस्था परदेशी देणगी घेत असेल, तर राजकीय स्वरूपाच्या संघटनेला ती घेता येत नाही, हे विसरून चालणार नाही. धोरणावर बोलणे आणि उमेदवाराला पाठिंबा देणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मागण्यांचे एकच निवेदन, एकाच तारखेला, प्रभागातील सर्व उमेदवारांना पोचसह द्यावे आणि आलेली उत्तरे जशीच्या तशी सभासदांना कळवावीत. अध्यक्षांना व्यक्तिशः प्रचार करायचा असेल, तर नागरिक म्हणून त्यांना तो हक्क आहे. पण त्या काळापुरते त्यांनी पदावरून रजा घ्यावी आणि निमंत्रणपत्रिकेवर संस्थेचे नाव छापले जाणार नाही, याची लेखी खात्री करून घ्यावी.