समुद्राकाठी राहून दम कसा लागतो?

प्रश्न: डॉक्टरकाकू, आम्ही गुहागरकडचे, घरापासून समुद्र दहा मिनिटांवर. सासूबाई 68 वर्षांच्या, जन्मात विडीला हात लावला नाही, पण दोन वर्षं झाली खोकला जात नाही आणि परसात जाऊन आल्या तरी धाप लागते. दीर मुंबईला असतो, तो म्हणतो प्रदूषण आमच्याकडे, तुम्हाला गावच्या हवेत कसला दम! घरात गॅस आहे, चूल फक्त आंघोळीच्या पाण्याला. मग हे कशाने?

उत्तर: अगं, ते "फक्त" आहे ना, तिथेच गोम आहे. घरातल्या सगळ्यांचं पाणी तापवायचं म्हणजे सकाळचा तास-दीड तास गेलाच, त्यात चुलीत नारळाची अर्धी ओली सोडणं, चुडतं, आणि पटकन पेट घ्यावा म्हणून वर एखादी प्लास्टिकची पिशवी, आणि त्यापुढे बसणार कोण तर सासूबाईच. शिवाय गॅस यायच्या आधीची तीसेक वर्षं स्वयंपाक चुलीवरच झाला असणार, ती काय छाती विसरते होय?

माझ्या आईच्या स्वयंपाकघरात चुलीवरची जळमटं काळ्या दोऱ्यांसारखी लोंबायची, लहानपणी मी ती काठीला गुंडाळायचे. धुराने वाशांना कीड लागत नाही म्हणून कोणी तक्रारही करायचं नाही, आणि ते खरंही होतं म्हणा. पण जे वाशांवर बसत होतं तेच आईच्या फुप्फुसातही जात होतं हे मला मेडिकलला गेल्यावर कळलं.

धुरातले बारीक कण, ज्यांना पीएम 2.5 म्हणतात, ते केसाच्या जाडीच्या वीस-तीसाव्या हिश्श्याएवढे, नाकात अडकत नाहीत, थेट आत खोल जातात, काही रक्तातही उतरतात, म्हणून दम्यासोबत हार्ट अटॅक आणि स्ट्रोकचाही धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये या कणांची दिवसाची मर्यादा घनमीटरला 15 मायक्रोग्रॅम ठरवली, आपल्या देशाची 60 आहे, आणि बंद खोलीत चूल पेटली की आकडा सहज शेकड्यांत जातो. दिराला सांग, मुंबईचा वाईट दिवस तुमच्या न्हाणीत रोज उजाडतो. समुद्राचा वारा दुपारी येतो, सकाळी सहाला तो कुठे असतो!

आता करायचं काय, तर आधी सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, दोन आठवड्यांवर खोकला असला की टीबी नाही ना हे बघायचंच, ते फुकट होतं. मग एक्स-रे आणि स्पायरोमेट्री, म्हणजे मशीनमध्ये जोरात फुंकायचं. सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार, निघाला तर इन्हेलर लागेल, त्याची सवय लागते वगैरे शेजारणी सांगतील, ते ऐकू नकोस. चूल उघड्या पडवीत काढा, जमलं तर सोलर किंवा गिझर घ्या. आणि संध्याकाळी मच्छर कॉइल लावत असाल तर तीही बंद, मच्छरदाणी लावा. एका कॉइलमधून 75 ते 137 सिगारेटींएवढे बारीक कण सुटतात असं 2003 च्या एका अभ्यासात दिसलंय, म्हणजे विडी न ओढताही झालंच की.

पातेरा, म्हणजे सुका पालापाचोळा, पेटवायचं पण थांबवा. थंडीत तिन्हीसांजेला वारा पडतो, गार हवा खाली बसते आणि तो धूर वाडीतच तरंगत राहतो. पातेरा माडांच्या आळ्यात घाला, माडांनाही बरं.

प्रश्न: आमची हापूसची बाग हायवेला लागून आहे, रुंदीकरणाची लाल धूळ मोहोरावर बसते. यंदा फळ कमी धरलं, धुळीमुळेच का?

उत्तर: एकट्या धुळीवर खापर फोडता येणार नाही, थंडी, तुडतुडे, अवकाळी, सगळंच असतं. पण पानावर धुळीचा थर बसला की पर्णरंध्रं बुजतात, ऊन कमी मिळतं, पान अन्न कमी बनवतं, आणि मोहोरावर धूळ बसली तर परागीभवनालाही अडथळा येतो. बागेच्या कडेला करंज, भेंड दाट लावा, झाडं वाढेपर्यंत ग्रीन नेट चालेल. कामाच्या जागी रोज पाणी मारायचं असतं, तेव्हा टँकर फिरत नसेल तर तारीख-वेळेसकट फोटो काढून ग्रामपंचायतीकडून लेखी तक्रार जाऊ द्या. आणि बागेत काम करणाऱ्या गड्यांना रुमाल नको, एन95 मास्क द्या, रुमालातून बारीक धूळ आरामात आत जाते.