गव्हाच्या रानातले जिवाणू सांभाळ

गव्हाचं पहिलंच वर्ष आहे तुझं, तेव्हा खताच्या आधी मातीतल्या जिवाणूंचं बघ. सोयाबीनचं काड पेटवू नकोस. जिवाणूंची दाटी वरच्या चार बोटं मातीत असते, आगीत नेमकी तीच भाजते.

बियाण्याला अ‍ॅझोटोबॅक्टर (हवेतलं नत्र धरणारे जिवाणू) आणि पीएसबी (मातीतलं स्फुरद विरघळवणारे जिवाणू) यांची पावडर लाव, 10 किलोला प्रत्येकी 250 ग्रॅम, गुळाच्या गार पाण्यात कालवून. बुरशीनाशक लावणार असशील तर ते आधी, जिवाणू शेवटी. मग सावलीतच सुकव. माझं बियाणं एकदा दुपारभर उन्हात राहिलं, सगळी मेहनत पाण्यात गेली. अजून हळहळ वाटते.

पेरणीनंतर 18 ते 21 दिवसांचं पाणी चुकवू नकोस, पण आपल्या काळ्या रानात ते तुंबू देऊ नकोस. पाणी साचलं की मातीतली हवा कोंडते, आणि काही जिवाणू नायट्रेटमधलं नत्र वायू करून उडवून देतात. युरियाचेच पैसे ते!

कडाक्याच्या थंडीत जिवाणू मंदावतात, शेणखतातलं नत्र सावकाश सुटतं. पान जरा फिकं दिसलं म्हणून लगेच गोणी ओतायची नाही.

रान ओलवलंस की ओंजळभर माती हुंगून बघ. पहिल्या पावसासारखा वास येतो ना, तो अ‍ॅक्टिनोमायसिट्स जिवाणूंचा.