शिबा ऱ्योतारो यांच्या कादंबऱ्या वाचून जपानचा इतिहास कळतो का? सुरुवात कुठून करावी?

हे उत्तर खरं तर मी आधी माझ्या बाबांना देणं लागते, मग तुम्हाला.

बाबा इतिहासाचे मास्तर, आता रिटायर्ड. मी नववीत असताना तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत एका ऐतिहासिक कादंबरीतला संवाद जसाच्या तसा ठोकून दिला, टाळ्या पडल्या आणि परीक्षकांच्या खुर्चीतून आमचे पिताश्री उठले (दुसऱ्या एका सरांनी आयत्या वेळी टांग दिली म्हणून त्यांना बसवलेलं). सगळ्यांसमोर विचारलं, "हे वाक्य कुठल्या बखरीत आहे? कुठल्या पत्रात?" मला काय माहीत! नंबर गेला. परत येताना एसटीत आम्ही तीन सीट सोडून बसलो होतो. त्या दिवसापासून आमच्या घरात कादंबरी विरुद्ध कागदपत्रं हा खटला चालू आहे.

पुढे पुण्यात जपानी शिकले आणि ओसाकाकडच्या एका मशीनच्या कंपनीत दुभाषी म्हणून लागले. तिथल्या साहेबांनी मला शिबांच्या 'ऱ्योमा गा युकु'चे आठ खंड दिले, खिशात मावणारे, पानं पिवळी पडलेली. म्हणाले, जपान समजून घ्यायचंय ना, हे वाच. रोज किंतेत्सुच्या लोकलमध्ये उभ्याने वाचत सव्वा वर्ष लागलं. साकामोतो ऱ्योमा म्हणजे तोसा या संस्थानाचा तो सामुराई, ज्याने १८६६ मध्ये सात्सुमा आणि चोशू या एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोन संस्थानांना एकत्र आणायला मध्यस्थी केली आणि पुढच्याच वर्षी क्योतोत मारला गेला. शिबांचा ऱ्योमा हसरा, गबाळा, कुणाच्याही घरात घुसून जेवणारा. मी प्रेमातच पडले हो.

मग एकदा ऑफिसच्या नोमिकाईत, म्हणजे सगळ्यांनी मिळून प्यायला बसायचं ना तिथे, मी दोन ग्लास उमेशूच्या (आलुबुखारासारख्या फळाची गोड दारू) जोरावर ऱ्योमाने जहाजावर नव्या जपानचा आठ कलमी आराखडा कसा तयार केला ते अगदी डोळ्यांनी बघितल्यासारखं सांगायला लागले. क्वालिटी डिपार्टमेंटमधले एक म्हातारे गृहस्थ एरवी तोंड उघडायचे नाहीत, त्यांनी शांतपणे चॉपस्टिकचं कागदी पाकीट उलटं केलं, पेन काढलं आणि 'ऱ्योमा' दोनदा लिहिलं. एकदा ड्रॅगनच्या जुन्या, भरगच्च अक्षराने आणि एकदा सोप्या, कमी रेघांच्या. म्हणाले, हा इतिहासातला आणि हा शिबासानचा. पुस्तकाचं कव्हर बघ, सोपं अक्षर आहे. त्या आराखड्याचा मूळ कागद आजपर्यंत कुणाला मिळालेला नाही.

मला तिथे थेट बाबा दिसले. फक्त माइक नव्हता.

शिबा तसे गप्पा हाणणारे नव्हते बरं का. १९२३ साली ओसाकात जन्म, खरं नाव फुकुदा तेइइची. टोपणनावाचा अर्थच सिमा चिएन या प्राचीन चिनी इतिहासकाराच्या पासंगालाही न पुरणारा. शिकले मंगोलियन भाषा, पण मध्येच सैन्यात ओढले गेले आणि मांचुरियात रणगाड्यावर गेले. १९४५ मध्ये त्यांची तुकडी तोक्योच्या रक्षणासाठी सानो गावात होती. शिबा सांगायचे की शत्रू उतरला आणि तोक्योचे लोक रस्ता भरून पळत आले तर रणगाडे कसे न्यायचे असं विचारल्यावर एक अधिकारी म्हणाला, चिरडून जा. आपला देश एवढा मूर्ख कधीपासून झाला, हा प्रश्न घेऊन ते घरी आले. कादंबऱ्या म्हणजे बावीस वर्षांच्या स्वतःला लिहिलेली पत्रं आहेत, असं म्हणायचे. सान्केइ पेपरात नोकरी करता करता लिहिलं, 'फुकुरो नो शिरो' या कादंबरीला नाओकी हा मानाचा साहित्य पुरस्कार मिळाला, मग १९६१ मध्ये नोकरी सोडली.

हिगाशी ओसाकात त्यांच्या घराला लागून म्युझियम आहे, तादाओ आंदो या नामवंत वास्तुविशारदाने बांधलेलं. आत अकरा मीटर उंच पुस्तकांची भिंत, साधारण वीस हजार पुस्तकं, आणि हा त्यांच्या संग्रहाचा जेमतेम तिसरा हिस्सा. फेब्रुवारीत गेलात तर स्टेशनपासून पिवळी नानोहानाची फुलं, आपल्या मोहरीसारखी, कुंड्यांमधून मांडलेली असतात कारण १२ फेब्रुवारी १९९६ ला ते गेले. बागेतून काचेपलीकडे त्यांची अभ्यासिका दिसते. आणि गंमत म्हणजे आत काँक्रीटच्या छतावर एक डाग उमटलाय, लोक मान वर करून सांगतात, बघा बघा, ऱ्योमा! मलाही दिसला. हे बाबांना सांगू नका.

माझं मत विचाराल तर इतिहास शिकायला शिबा वाचू नका, पण त्यांना वाचल्याशिवाय तुम्ही तोसाचा नकाशा उघडणार नाही हेही तितकंच खरं. बाबांचे किती विद्यार्थी बखर उघडायला गेले हो? माझ्या माहितीत एकही नाही. मी मात्र त्या पाकिटानंतर ऱ्योमाची खरी पत्रं शोधून वाचली, बहिणीला लिहिलेली, आणि ती कादंबरीहून भारी निघाली. (हा पॉइंट बाबांचा की माझा, ठरवा तुम्ही.)

हां, पण शिबा चुकतातही. 'साका नो उए नो कुमो' या कादंबरीत रशिया-जपान युद्धातल्या पोर्ट आर्थरच्या लढाईवरून जनरल नोगीला जो धुतलाय तो अन्याय आहे असं बरेच अभ्यासक म्हणतात. मेइजी सम्राटाचा काळ (१८६८ ते १९१२) उजळ आणि नंतरच्या शोवा काळातलं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धापर्यंतचं युद्धपर्व काळंकुट्ट, ही त्यांची मांडणीही फारच सोयीची आहे. रणगाड्याच्या किश्श्यावरही शंका घेतली गेलीय. आणि मी त्यांच्या तीनच कादंबऱ्या पूर्ण वाचल्यात, लढायांची पानं सरळ उलटलीत, तेव्हा माझं किती ऐकायचं ते बघा.

सुरुवात इंग्रजीतल्या 'द लास्ट शोगन'ने करा, छोटी आहे.

ते चॉपस्टिकचं पाकीट अजून तिसऱ्या खंडात आहे, बाबांना दाखवलेलं नाही. पण दादाने त्यांच्या मोबाइलमध्ये हे ॲप टाकून दिलंय म्हणे. तेव्हा बाबा, वाचत असाल तर, नंबर तरी द्यायला हवा होतात. पाठांतर चोख होतं.