कास्ट पार्शलची फ्रेम लवू नये म्हणून ती सरसकट जाड करावी का?

सरसकट नको. तुम्ही लिहिलंय की खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढा नसलेल्या पेशंटच्या कास्ट पार्शलची, म्हणजे ओतीव धातूच्या सांगाड्यावरच्या काढता-घालता येणाऱ्या अर्धवट कवळीची, कोबाल्ट-क्रोमची फ्रेम लवते. फ्रेम तुटते कुठे, हेही विचारलंय. डॉक्टर म्हणतात जाड करा, पेशंट म्हणतो जिभेला लागतं. मी नाशिकला सातपूरच्या एका लॅबमध्ये बरीच वर्षं फ्रेम ओततोय, आणि या ओढाताणीत दोघंही बरोबर असतात.

धातूला दोष देऊ नका. कोबाल्ट-क्रोम टायटॅनियमच्या जवळपास दुप्पट ताठ असतं. घोळ आकारात असतो. पट्टीची रुंदी 25 टक्के वाढवली तर ताठपणाही तेवढाच वाढतो. पण जाडी 1 मि.मी.ची सव्वा केली की तो जवळजवळ दुप्पट होतो, कारण तो जाडीच्या घनावर चालतो. उलटा हिशोब जास्त झोंबतो. 0.6 मि.मी.ची पट्टी फिनिशिंगमध्ये 0.5 झाली, तर 40 टक्क्यांहून जास्त ताठपणा घासून गेला. सुरुवातीला मीच एक बार (दोन्ही बाजू जोडणारी धातूची पट्टी) चकचकीत करण्याच्या नादात असा बारीक केला होता. कॅलिपर हाताशी होतं, लावलं नाही. काही महिन्यांनी फ्रेम परत आली ती आधाराचा दात हलायला लागला म्हणून. बार लवला की एका बाजूचा भार दुसरीकडे पोचत नाही, सगळा त्या एका दातावर येतो.

मग जीभही सांभाळायची आणि ताठपणाही हवा, तर धातू दोन पातळ्यांत वळवा. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या मांडवाला सपाट पट्टी कोणी लावत नाही, अँगल लावतात. तेवढंच लोखंड, पण काटकोनात. टाळूवर हेच चालतं: पुढे एक आणि मागे एक पट्टा, दोन्ही बाजूंनी जोडलेले, म्हणजे चौकट झाली. पुढचा पट्टा उतारावर बसतो, मागचा सपाटीवर. घोड्याच्या नालेसारखा कनेक्टर (दोन्ही बाजू जोडणारा भाग) मात्र मोकळ्या टोकांकडे फाकतो. टाळूत मोठा टोरस (हाडाचा उंचवटा) असल्याशिवाय मी तो घेत नाही.

खाली लिंग्वल बार (जिभेच्या बाजूचा बार) अर्ध्या नासपतीसारखा ठेवा, जाड पोट खालच्या बाजूला. हिरडीच्या कडेपासून 3-4 मि.मी. सोडून बारला 4-5 मि.मी. उंची मिळाली पाहिजे. एवढी जागा नसेल तर बार चेपू नका, लिंग्वल प्लेट (दातांच्या मागच्या बाजूवरही चढणारी पट्टी) घ्या. तुमच्या केसमध्ये बार असाच चेपला असावा, असा मला संशय येतो.

क्लास्पच्या (दाताला धरणाऱ्या हुकाच्या) टोकाला मात्र हे सगळं उलटं. तिथे लवचीकपणाच हवा. ओतलेल्या क्लास्पला 0.25 मि.मी. अंडरकट (दाताच्या फुगवट्याखालची आत गेलेली जागा) पुरतो. फ्रेम ताठ करताना क्लास्पही जाड केला, तर घालता-काढताना तो दातच उपटायला बघतो.

तुटण्याबद्दल विचारलंत म्हणून: बहुतेक वेळा रेस्ट (दातावर टेकणारा फ्रेमचा भाग) तुटतो, दाताच्या कडेवरून खाली वळतो तिथे. त्या कडेवर डॉक्टरांनी 1 ते 1.5 मि.मी. जागा केलेली नसेल, तर लॅबमध्ये तुम्ही काहीही करा, तो पातळच राहणार. अशी केस आली की मी वॅक्सला (फ्रेम घडवायच्या मेणाला) हात लावत नाही. डॉक्टरांना फोन करतो आणि मॉडेल परत पाठवतो.