बुरशीला बुरशीनाशकाची ‘सवय’ होते का?

तेच औषध सारखं फवारलं की बुरशीला त्याची सवय होते का, असं तुम्ही विचारलंय. ‘सवय’ हा शब्द मला खटकतो, कारण प्रतिकारक बुरशी बहुधा फवारणीच्या आधीपासूनच शेतात असते. भुरी या बुरशीजन्य रोगाने पांढऱ्या पडलेल्या शेतात अब्जावधी बीजाणू असतात. डीएनएची नक्कल होताना चुका होतच राहतात, आणि त्यातली एखादी चूक नेमकी औषधाला दाद न देणारी निघते. फवारणीने बाकीचे मरतात, त्या एकाला रान मोकळं मिळतं. हवामान साथ देत असेल तर भुरीची नवी पिढी आठवड्याभरात तयार होते.

किती छोटा बदल पुरतो, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी थक्क झाले होते. अ‍ॅझॉक्सीस्ट्रोबिनसारखी स्ट्रोबिल्युरिन गटातली औषधं बुरशीच्या सायटोक्रोम बी या प्रथिनात अडकून तिची ऊर्जानिर्मिती बंद पाडतात. त्या प्रथिनात १४३ व्या जागी ग्लायसीन या अमिनो आम्लाऐवजी (प्रथिनाचा एक घटक) अ‍ॅलानीन हे दुसरं आलं, की औषधाला तिथे नीट बसताच येत नाही. ही औषधं १९९६ मध्ये बाजारात आली आणि १९९८ मध्येच उत्तर जर्मनीत गव्हावरची भुरी त्यांना जुमानेना.

गव्हावरच्या तांबेऱ्याच्या बुरशीत मात्र हा बदल सापडत नाही. तिच्या या प्रथिनाच्या जनुकात बरोबर त्या जागेला लागून एक इंट्रॉन असतो, म्हणजे प्रथिन बनण्याआधी कापून टाकावा लागणारा तुकडा. तिथलं डीएनएचं अक्षर बदललं तर इंट्रॉन कापून टाकता येत नाही, प्रथिनच बनत नाही आणि बुरशी मरते. मला ही गोष्ट फार सुंदर वाटते.

ट्रायझोल या बुरशीनाशकांच्या दुसऱ्या गटात प्रतिकार पायरीपायरीने चढतो. औषधाचं लक्ष्य असलेलं एन्झाइम थोडं बदलतं, किंवा बुरशी तेच भरमसाट बनवते, किंवा पेशीत शिरलेलं औषध बाहेर फेकणारे पंप वाढवते. म्हणून इथे औषध एकदम फेल जात नाही, हळूहळू कमी पडत जातं. मॅन्कोझेब हे बुरशीनाशक एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतं, त्यामुळे त्याला प्रतिकार क्वचितच दिसतो. जोडीला घ्यायला ते चांगलं.

औषध बदलताना नाव पाहू नका, गटाचा फ्रॅक (FRAC) क्रमांक पाहा; औषध बुरशीवर कसं काम करतं, त्यावरून तो ठरतो. टेब्युकोनॅझोल सोडून प्रोपिकोनॅझोल घेतलंत, तरी दोन्हींचा गट ३ च आहे.